मुखपृष्ठावरची मुलगी

शाळेच्या दृष्टीने सर्व मुलं समान असतात. फक्त ते दिसून आलं पाहिजे. या थोर तत्त्वाला अनुसरून शाळेने माहितीपुस्तक काढायचं ठरवलं, आणि मुखपृष्ठासाठी काळ्या वर्णाचं एक मूल लागेल, हे समितीच्या ध्यानात आलं. 'अ' तुकडीतल्या चाळीस मुलांत असं एकच सापडलं. (शोध कसोशीने झाला, पाच मिनिटं लागली.) 'क' तुकडीत बत्तीस होती, पण तिथल्या भिंतींचे पोपडे निघालेले असल्याने फोटो चांगला येत नसे.

तुकड्या वर्णावरून पाडतात, असा आरोप करणाऱ्यांनी नियमावली वाचावी. तसा एक शब्द तीत नाही. मुलं आपोआपच वाटली जातात. शिक्षक फक्त तोंडं बघून मदत करतात.

त्या एकुलत्या मुलीची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. पहिल्या फोटोच्या वेळी तिला आभाळ ठेंगणं झालं. गणवेशाला तिने अशी कडक इस्त्री मारली की पोरीला धड बसता येईना. मग फोटो वाढत गेले. प्रयोगशाळेत परीक्षानळी धरून, वाचनालयात जाडजूड पुस्तक उघडून, पाहुण्यांना फूल देताना. वर्षात एकेचाळीस फोटो निघाले, पैकी सव्वीस गणिताच्या तासाला, कारण तेव्हा बाहेर ऊन छान असतं. वर्गात उरलेली मुलं तेवढ्यात अपूर्णांक शिकली.

मुलगी गणितात नापास झाली. नियम सर्वांना सारखा, म्हणून तिला 'क' तुकडीत बसवलं.

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लेकीला घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर लेकच हसत होती, चार फूट बाय तीन.

"बाई, फोटोपायी हिचे तास बुडाले. तेवढे भरून द्या, अन् परत 'अ'मध्ये घ्या. हुशार आहे हो पोर."

"आहेच मुळी!" बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. "बघा ना, नळीकडे किती एकाग्रतेने बघतेय."

"काय होतं गं त्या नळीत?" आईने लेकीला विचारलं.

"पाणी. निळं. फोटो झाल्यावर ओतून दिलं," ती म्हणाली. "खरा प्रयोग जेवणाच्या सुट्टीनंतर होता. तेव्हा मी फूल द्यायला गेले होते."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरीचं वर्ष त्यांच्याच हातात होतं. तिने मुकाट्याने अर्ज दिला. बाईंनी त्यावर शिक्का मारला आणि मुलगी 'क'मध्येच राहिली.

मात्र शाळा उपकार विसरत नाही. फोटोच्या दिवशी तिला अजूनही 'अ'च्या पहिल्या बाकावर बसवतात, पंधरा मिनिटं. फोटोवाला "झालं" म्हणाला की ती आपण होऊन उठते. (न शिकवताही मुलं किती शिकतात, त्याचा हा पुरावा.)

माहितीपुस्तक तुमच्याही हाती पडलंच असेल. मुखपृष्ठ पाहून तुम्ही म्हणालात, "वा! इथे सगळ्यांना सारखं वागवतात." आणि लगेच प्रवेशअर्ज भरायला घेतलात. शेवटच्या रकान्यात, 'विशेष विनंती'समोर, सुवाच्य अक्षरात लिहिलंत: आमच्या मुलाला 'अ' तुकडीच मिळावी.