पुंजाजी आबा अन् तीन कॅल्क्युलेटर

पुंजाजी आबाच्या घरी नवी वस्तू आली की तिले पह्यले तीन दिवस बांधून ठेवतेत. खरंच बांधतेत, दाव्यानं. कुकर आला तं कुकरच्या कानाले दावं, पंखा आला तं दांड्याले दावं, अन् दुसरं टोक ओसरीच्या खांबाले. मी लग्न होऊन आली तवा सासूबाईसंग त्यायच्या घरी गेली, तं खांबाले मिक्सर बांधेल. मले वाटलं चोराचं भेव असन. सासूबाई म्हनल्या, "नाई वं, पारख चालू हाये त्याची."

आबा म्हंजे बैलबाजारातले जुने दलाल. दुपट्ट्याखाली समोरच्याच्या बोटाले बोट लावून सौदे करनारे. बाजारात नवा बैल घेतला की तीन दिवस घरी बांधून पाहाची मुभा राहते. खाते काय, मारते काय, जुवाले मान देते काय, हे पाहाचं अन् नाही पटला तं वापस न्याचा. आबानं तोच कायदा अख्ख्या दुनियेले लावून देल्ला. पोरीचं लग्न ठरलं तवा जावयालेबी तीन दिवस ठेवून घेतलं होतं. बांधलं नाही एवढंच. वावरात नेलं, जेवाले घातलं, मांगून चालताना पाह्यलं, मंग हो म्हनले. तो जावई आजबी सासरी आला की चौथ्या दिवसाची वाट पाहत नाही, तिसऱ्या दिवशीच पिशवी भरते.

कायबी समोर ठेवा, आबाचं एकच वाक्य, "पह्यले चाल पाहू." साडी असो, सायकल असो, सरपंच असो. पह्यले चाल पाहू.

आता अशा मानसाच्या हाती शाळेचे कॅल्क्युलेटर कसे गेले ते सांगतो, अन् त्यात माही चूक किती ते तुमीच ठरवा.

माही पोरगी ईश्वरी आठवीत आहे, आमच्या गावच्याच शाळेत. मी सोता नववी नापास, तेबी गनितातच. पालकांची कमिटी निवडाची मीटिंग होती, मी मांगं दाराजवळ लहानीले मांडीवर घेऊन बसली होती. हेडसर म्हनले, अध्यक्ष कोन होते, हात वर करा. सारे खाली पाहून राह्यले. तेवढ्यात लहानीनं माहा पदर ओढला अन् मी तो सावराले हात वर केला. टाळ्याच वाजल्या. मी म्हनलं सर, मी पदर... पन कोन ऐकते. तवापासून कागदाचं भेव. सही कराची म्हनलं की हाताले घाम. नावाच्या आधी तीनदा वाचतो, नावाच्या नंतर चारदा वाचतो, अन् घरी येऊन ईशूच्या बाबाले इचारतो, "मी काई चुकीचं तं नाई केलं ना हो?" ते म्हनतेत, "मले काय माहीत, मी कुठी अध्यक्ष आहो."

तं झालं असं का, आमच्या गावचा एक इंजिनेर पुन्याले राहते. त्यानं शाळेले कळवलं, मी पोरायसाठी टच स्क्रीनचे ग्राफवाले कॅल्क्युलेटर देतो. तीन तऱ्हेचे तीन नमुने पाठवले अन् चिठ्ठीत लिवलं, यातला कोनता पाह्यजे ते तुमच्या कमिटीनं ठरवा, अध्यक्षाची सही करून सोमवारी कळवा, नाईतं मी दुसऱ्या शाळेले देतो, ते केव्हाच्या मांगं लागेल आहेत.

ते वाचून मले रडूच आलं. आठवीत आठ पोरं आहेत. गनिताचे सर बदलून गेले, विज्ञानाच्या मॅडमच गनित शिकवतेत अन् ईशू घरी येऊन म्हनते, आई, मॅडम फळ्यावर ग्राफ काढतेत तवर घंटा होते. म्हंजे वस्तू तं पाह्यजे होती. पन चुकीची घेतली तं? अख्खं गाव म्हननार, नववी नापास बाईनं पोरायचं वाटोळं केलं.

गुरुवारी मीटिंग झाली. टेबलावर तीन मशिना. एक काळी, मोठी. एक भुरी, पातळ, रंगीत स्क्रीनची, इतकी सुंदर का हात लावाचं भेव वाटे. अन् एक लहानी, जाड रब्बराच्या कव्हरात, संग पेनासारखी काडी, स्क्रीन पार फिकट. हेडसर भुरीवरच लुब्ध. म्हनले, "ताई, हीच घेऊ. तशी परीक्षेत तं चालतच नाही कॅल्क्युलेटर, निदान दिसाले तं चांगली पाह्यजे."

आबा कमिटीत आहेत शिक्षनप्रेमी म्हनून. चार महिने शाळेत गेलते, तेबी मास्तरचं घोडं सांभाळाले. ते मांगून उठले. "परीक्षेत नाई चालत तं काय झालं? बैलबी मांडवात नेत नाई कोनी, म्हनून बैल घेत नाई का?" मंग त्यायनं भुरी उचलली, उलटी केली, खालून पाह्यली, चार्जिंगच्या भोकात डोळा लावला. "दात तं कोवये हायेत," म्हने. "पह्यले चाल पाहू. तिन्ही माह्या घरी पाठवा, तीन दिवस."

हेडसर म्हनले, "आबा, तुमाले चालवता येते का?"

"मले बैल कुठी वढता येते? पोट्टे पाठवा. ते चालवतीन, मी पाहीन."

हेडसरनं माह्याकडं पाह्यलं. साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. मी लहानीकडं पाह्यलं. लहानी आबाच्या मिशा पाहून हासून राह्यली होती. मी म्हनलं, "न्या मंग." अन् घरी येऊन दोन पोळ्या करपवल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाहाले गेली, का कॅल्क्युलेटर जित्ते आहेत का नाई. ओसरीत आठी पोरं बसेल, मधात आबा, अन् खांबाले तीन दावे. रब्बराच्या कव्हरले बरोबर गाठ मारेल. बाकी दोघायले पिशवीत घालून पिशव्या बांधेल. नावंबी पडली होती. काळ्या, भुऱ्या अन् गोऱ्हा.

पह्यली पारख भुकेची. तिघायले पोटभर चार्जिंग देल्लं अन् मंग वायर लपवून ठेवली. "आपल्याकडं लाइटीचा भरोसा नाई. ढेपीवर पोसलेलं जनावर दिसते गुबगुबीत, पन उपाशी किती वढते ते पाह्यलं पाह्यजे." काळ्या शनिवारी दुपारीच मेला. आबानं त्याचं दावं सोडलं, म्हनले, "भुकेले कच्चा. वापस."

दुसरी पारख हाताची, शनिवारी संध्याकाळी, तवा मीबी गेलती. आबानं भुऱ्यावर बोट ठेवलं. काईच नाई. पुन्हा ठेवलं, जोरात. काई नाई. मंग त्यायनं दुपट्टा आंथरला, त्याखाली भुऱ्याले घेतलं, अन् बाजारातल्यासारखं बोटानं दाबू लागले. पोरं हासून हासून लोळली. आबा म्हनले, "अध्यक्षीनबाई, तुमी लावा."

मी म्हनलं, "मी नाई लावत बापा."

"लावा, चावत नाई."

मी लावलं. बोट चुलीनं चरचरलेलं अन् आठ दिवसाचं सोयाबीन सोंगून भेगाळलेलं. काईच नाई झालं. माहा तं जीवच गेला. मले वाटलं मी बिघडवलं, आता सोमवारी काय सही करू, आता पुन्यावरून मानूस येईन. ईशूनं सोताचं बोट लावलं, झटकन चाललं. आबा ईशूच्या हाताकडं पाहून राह्यले, मंग माह्या हाताकडं, मंग सोताच्या. म्हनले, "हा मऊ हात ओयखते फक्त. ह्या पोट्टीचे हात दोन वर्सानं कसे होतीन? सुट्टीत सारेच सोंगाले जातेत." अन् आठी पोरायले हुकूम सोडला, उद्या वावरातून थेट या, हात धुवाचे नाई.

रविवारी दुपारून पोरं आली, हाताले माती, कोनाच्या बोटाले चिंधी. भुऱ्यानं तिघायलेच ओळखलं. गोऱ्हा मात्र दाबलं का ऐके, चिंधीवरूनबी ऐके, नाई जमलं तं काडी होतीच. आबाचं बोटबी त्यानं पह्यल्या झटक्यात घेतलं. आबा म्हनले, "याले दाब समजते." इतके खुश झाले का पोरायले शेंगदाने अन् गूळ देल्ला.

पन चाल राह्यली होती ना. म्हने, "आता चालवा."

ईशूनं सांगितलं, "आबा, हे रेघ आडवी जाते तो टाइम. अन् हे वर जाते ते अंतर. समजा बैल घरून निघाला." अन् तिनं आकडे टाकले. गोऱ्ह्यानं रेघ काढली, चढत गेली, मधात आडवी झाली, पुन्हा चढली.

आबानं चष्मा पुसला. आडव्या जागी काडी ठेवली. "इथी बसला."

"हो, इथं अंतर वाढलं नाई."

"बसका हाये. अर्ध्या वाटेत बसते. कोनाचा हाये?"

"कोनाचाच नाई आबा, आकडे आहेत."

"तरी घेऊ नोका."

मंग एका पोरीनं आकडे चुकवले अन् रेघ सरळ उभी वर गेली. आबानं मान हालवली. "हे खोटं हाये. टाइम गेलाच नाई अन् बैल तीन कोस पोचला? एकाच टायमाले घरीबी अन् बाजारातबी? असं जनावर मी पाह्यलं नाई."

मॅडमबी पाहाले आल्या होत्या. मले कानात म्हनल्या, "ताई, हेच मी पंधरा दिवसापासून शिकवून राह्यली."

मी घरी गेली, सैपाक केला, मंग चिठ्ठीचा कागद घेऊन दिवे लागता लागता वापस आली, लहानी कडेवर. मले आबाच्या तोंडून पक्कं नाव ऐकाचं होतं, तरच हात उठला असता. पोरं घरी गेलती. मोठ्या ओसरीत आबा अन् ईशू दोघंच. ईशूनं मॅडमनं सांगितलेला घरचा अभ्यास काढला होता, सोताचे आकडे जमवून ग्राफ काढा. कोनी दुधाचे घेतले, कोनी येस्टीचे. हिनं म्हने आबाचं घर घेतलं. दिवसभरात कितीले घरात किती मानसं.

"सकाळी सहाले?" ईशू इचारून राह्यली.

"एक."

"सातले?"

"एक. दूधवाली दारातूनच जाते, तिले धरू नोको."

"नऊले?"

"एक लिव्ह."

"बाराले?"

"एकच. तू सरसकट एक लिव्हत जाय ना पाच वाजेपर्यंत."

"पाचले?"

"पाचले तुमी आठ अन् मी. नऊ. नऊ लिव्ह," आबा जरा ताठ बसले.

"अन् रातच्या आठले?"

आबानं मिशीवरून हात फिरवला. "तुमी गेल्यावर कोन राह्यते. एक."

ईशूले काई समजत नव्हतं, पोरगी आपल्या अभ्यासात. म्हने, "आता शुक्रवारच्या आधीचा एक दिवस सांगा, दुसरी रेघ काढतो." आबानं सांगितलं. सहाले एक, बाराले एक, पाचले एक, आठले एक.

गोऱ्ह्यानं दोन्ही रेघा एकावर एक काढल्या. एक जाड, संध्याकाळी टेकडीसारखी वर गेलेली. अन् एक ठिपक्याची, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पार खालून.

"ही ठिपक्याची पाहा आबा, हालतच नाई," ईशू हासली.

आबा हासले नाई. दोन पोरं पुन्याले, पोरगी अमरावतीले, आबाची बायको जाऊन सहा वर्सं झाली, हे गावाले सारं माहीत होतं, मलेबी माहीत होतं. पन ते असं काढून दाखवेल मी पाह्यलं नव्हतं. आबानं बोट ठेवलं, ठिपक्याच्या रेघेवरून हळूहळू चालवलं, पार शेवटपर्यंत. मंग जाड रेघेवर आनलं अन् टेकडीवर थांबवलं.

"चाल बरोबर दाखवते," म्हनले. "अध्यक्षीनबाई, यालेच सही करा."

मी तिथंच, ओसरीच्या पायरीवर कागद ठेवून, सही केली. एकदाच वाचलं. हाताले घाम आला का नाई, ध्यानातच राह्यलं नाई. मंग नमुना पिशवीत घालाले दाव्याची गाठ सोडाले गेली, तं आबा खांबाकडं पाहत म्हनले, "आज राहू द्या. तीन दिवस भरले नाईत. तो शुक्रवारी दिवस बुडल्यावर आलता."

हेडसरनं तिन्ही डब्बे शुक्रवारी सकाळी सोता सायकलवर नेऊन देल्ले होते. मीच कागदावर लिवलं होतं तसं. म्हंजे शुक्र, शनी, रवी, तीन दिवस भरले होते, पन मी गाठ तशीच राहू देल्ली. घरी भाजीवर झाकन नव्हतं, ईशूचे बाबा जेवाचे होते. तरी मी पदर आवरला, ओसरीत बसली अन् लहानीले खाली सोडलं. ते रांगत रांगत थेट आबाच्या मांडीजवळ गेली.

"ईशू," आबा म्हनले, "आता किती वाजले?"

"सव्वासात."

आबानं बोट उचलून एकेकाकडं दाखवत मोजलं.

"चार लिव्ह," म्हनले. "लहानीलेबी धर."