एका ग्राहकाने नुकताच घोडा मागवला

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जावयाला आपला हरवलेला मफलर सापडला. तो एका लाकडी घोड्याच्या मानेवर होता. गुंडाळलेला नव्हे, उसवून, विंचरून, आयाळ म्हणून नीट शिवलेला.

घोडा देखणा होता, हे जावयालाही मान्य करावं लागलं. मान जराशी वळवलेली, नाकपुड्या फुललेल्या, आणि बोट लावताच असा डुलणारा की बघणाऱ्यानेही नकळत डुलावं. पण त्याच्या शेजारी दुसरा घोडा होता. दुसऱ्याला खेटून तिसरा. सासऱ्यांची कार्यशाळा मागच्या भिंतीपर्यंत घोड्यांनी भरली होती, आणि आत न मावलेले जिन्याखाली ऊन खात उभे होते.

“बघता काय, जावईबुवा?” सासरे रंधा न थांबवता म्हणाले. “हे सगळे तुमचेच प्रताप.”

आणि ते अक्षरशः खरं होतं.

सासरे जन्मभर मुलांसाठी डुलणारे घोडे करत आले होते. त्या घोड्यांवर बसून मोठी झालेली माणसं आता आपल्या मुलांच्या हातात मोबाइल देत होती, आणि कार्यशाळेचा उंबरठा कित्येक महिने गिऱ्हाइकाने ओलांडला नव्हता. एका संध्याकाळी सासऱ्यांनी सांगून टाकलं की लाकूड कातायचा लेथ विकायचा. घेणारा ठरला आहे, पुढच्या महिन्यात घेऊन जाईल. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी मीठ कमी पडलं तरी तासभर बोलणारी आई गप्प बसली, म्हणूनच लेक घाबरली. बाबांचे हात रिकामे झाले तर बाबा खचतील, असं तिने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

नवरा विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासायचा. वेबसाइट कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बायकोचे डोळे भरलेले पाहून त्याने छाती पुढे काढली.

“साइट करू. हल्ली काही लिहावं लागत नाही. चौकोन ओढायचे, हवे तिथे सोडायचे. रविवारी जेवून बसतो, चहापर्यंत तयार.”

“कुठल्या रविवारच्या चहापर्यंत?” बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. घोड्याचा फोटो ओढून वर न्यावा तर फोन नंबर गडप व्हायचा. नंबर शोधून आणावा तर घोडा उजव्या कोपऱ्यात बोटाएवढा होऊन बसायचा. कॉम्प्युटरवर सगळं जमलं तेव्हा मोबाइलवर घोड्याचं तोंड सगळ्यात वर होतं आणि शेपूट पत्त्याच्याही खाली. चहा झाला, जेवण झालं, आठवडा गेला. पण जावई चिवट होता. दाव्याच्या कागदातली खाडाखोड तो ज्या शांतपणे हुडकायचा, त्याच शांतपणे त्याने एकेक चौकोन जागेवर बसवला. दुसऱ्या रविवारी पान उभं राहिलं आणि खरोखर सुरेख दिसलं. बायको मागे उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि एकही टोमणा न मारता आत गेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. असं प्रथमच घडत होतं.

त्याने तिथेच हात आखडता घेतला असता तर मफलर वाचला असता. पण त्या कौतुकाच्या भरात त्याला प्लगिनचा शोध लागला. प्लगिन म्हणजे तयार मिळणारी छोटी सॉफ्टवेअरं. पानाला नुसती जोडायची की पान नवीन काहीतरी करू लागतं. ती फुकट होती, आणि फुकट गोष्टीला जावई कधीच नाही म्हणत नसे. एकाने पानावर पिवळी पानं गळायला लागली. एकाने माउसच्या बाणामागे चांदण्या धावू लागल्या. एक प्लगिन संपर्काचा फॉर्म नीट चालतो की नाही हे बघायला स्वतःच नमुन्याची पत्रं पाठवायचं. आणि एकाचं काम होतं गिऱ्हाइकांचा विश्वास वाढवणं. ते दर थोड्या वेळाने कोपऱ्यात एक चौकट दाखवायचं: ‘एका ग्राहकाने नुकताच घोडा मागवला.’ कोणी मागवो वा न मागवो.

मग जावयाने घरातला जुना टॅब्लेट नेला, त्यावर ते पान उघडलं आणि सासऱ्यांना कौतुकाने बघता यावं म्हणून कार्यशाळेतल्या फळीवर उभा करून ठेवला.

सासऱ्यांनी कौतुक केलं नाही. त्यांनी चौकट वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, लेथ घेणाऱ्याला थांबायला कळवलं आणि लाकूड उतरवलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, कारण भरपूर काम असलेला माणूस बोलत बसत नाही. पहाटे उठून ते कामाला लागत. सासूबाईंनी लोकरीची गाठोडी सोडली, ती संपल्यावर घरातले स्वेटर उसवले, आणि जावई विसरून गेलेला मफलर तर आयताच हाती आला. गेल्या वीस वर्षांत एकमेकांशी फक्त किराण्याबद्दल बोलणारे ते दोघं आता आयाळ उजवीकडे पाडावी की डावीकडे यावरून कडाकडा भांडत होते.

त्या शनिवारी जावयाने तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण सासरे शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे त्याला माहीतच नव्हतं. तो तोंड मिटून ऑफिसला गेला आणि तिथून गुपचूप ते प्लगिन बंद केलं.

जेवणाच्या सुट्टीआधी सासऱ्यांचा फोन आला. यंत्र बिघडलं आहे, लोक मागवत असणार आणि इथे दिसत नाही, तेव्हा ताबडतोब बघा, असं त्यांनी फर्मावलं. आवाजात अशी धास्ती होती की जावयाने प्लगिन पुन्हा चालू केलं. निदान चौकटी कमी याव्यात म्हणून त्याने सेटिंगमध्ये दोन-चार कळा खालीवर केल्या. चौकटी कमी झाल्या. त्यांच्या जागी नवी ओळ आली: ‘या क्षणी सत्तावीस जण पाहत आहेत.’

सासऱ्यांनी टॅब्लेटच्या वरच्या कडेला असलेला कॅमेऱ्याचा बारीक डोळा निरखून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून रंधा मारू लागले. सासूबाईही कार्यशाळेत येताना पदर नीट करून येत आणि नवऱ्याला हळू आवाजात बजावत, “नाकात बोट घालू नका, सत्तावीस जण आहेत.”

आठ दिवसांनी बोलावणं आलं. लेक आणि जावई दोघंही गेले. घोडे रांगेत उभे होते, गळ्यात कोऱ्या चिठ्ठ्या बांधलेल्या.

“माल तयार आहे,” सासरे म्हणाले. “आता पत्ते द्या.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. आता सुटका नव्हती. जावयाने खाली मान घालून सगळं सांगितलं: प्लगिन, चौकट, सत्तावीस जण. सांगून झाल्यावर मागच्या एका घोड्याचं डुलणं तेवढं ऐकू येत होतं.

“एकही खरा नव्हता?” सासऱ्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

ते स्टुलावर बसले. इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडी त्यांनी काढली. सासूबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पण आयाळी चांगल्या झाल्यात.”

काहीतरी करायला हवं म्हणून, आणि निदान आता तरी खोटं काही उरू नये म्हणून, जावयाने टॅब्लेटवर फॉर्मची पेटी उघडून दाखवली. तिच्याकडे तो इतके दिवस फिरकलाच नव्हता. आत नमुन्याच्या पत्रांचा ढीग होता. ‘आपली सेवा उत्तम आहे.’ ‘आपली सेवा उत्तम आहे.’ सासरे कंटाळून बोटाने पत्रं सरकवत होते. एका ठिकाणी बोट थांबलं.

‘मोठ्या कानांचा घोडा मिळेल का? आमचा मुलगा काहीही चालवताना कानच धरतो. आधीच्या घोड्याचे उपटून झाले.’ खाली पत्ता होता.

“हेही नमुन्याचंच असणार,” जावई म्हणाला. आशा दाखवून पुन्हा तोंडघशी पाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

“कान उपटल्याचं यंत्राला कसं सुचेल?” सासरे म्हणाले.

“हल्ली काहीही सुचतं, बाबा.”

सासऱ्यांनी थोडा विचार केला. मग उठून गुंडी लावली. “कान मी घट्ट बसवून देतो. घोडा तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा. घेतला, तर लेथ राहील. परत आला, तर उद्याच घेणाऱ्याला फोन करतो. त्यावर चर्चा नाही.”

सगळ्यांत चांगला घोडा निवडला गेला. तो मफलरवालाच निघाला. जुने कान काढून सशाला लाजवतील असे नवे बसले, आणि ते इतके शोभले की आधी घोडा बिनकानांचाच वाटत होता असं बायको म्हणाली. जावयाने तो मागच्या सीटवर घालून पट्टा लावला.

पत्त्यात लिहिलेला रस्ता खरोखर आहे, इमारत आहे, तिसरा मजलाही आहे. दाराला कोणाच्या नावाची पाटी नाही. लिफ्ट बंद असल्यामुळे जावई घोडा खांद्यावर घेऊन चढला. वर बोचरा वारा आहे. आपली मान उघडी आणि घोड्याची उबदार, हे त्याला मिनिटागणिक जाणवतं आहे. खिशात फोन दोनदा वाजून गेला, बायकोचा असणार.

घंटा वाजवून झाली आहे. आतून कसलासा आवाज आला. माणसाचा, की टीव्हीचा, हे दाराबाहेरून कळत नाही.