चाऊसांचा मान

मुलीला बघायला हवालदार येणार म्हटल्यावर कुबराबींनी नाक मुरडलं. हवालदार हे नुसतं आडनाव. माणसं रत्नागिरीची, मुलगा मुजम्मिल मस्कतात इंजिनियर. पण आडनाव ते आडनाव!

"आम्ही चाऊस! तुर्की सुलतानाच्या दरबारातला किताब आहे तो. आणि मुलगी हवालदाराकडे देऊ?"

"पण अम्मी, चाऊस म्हणजे काय?" सनाने विचारलं. तिला मुजम्मिल मनातून पसंत होता.

"अर्थ हलकी माणसं विचारतात. आपण मान बघायचा!"

तरी लेकीचं उतरलेलं तोंड बघून त्या भेटीला तयार झाल्या. पण मस्कतातल्या वादी अदाई भागातल्या आपल्या घरी नाही, रुवी भागातल्या खऱ्या तुर्की हॉटेलात. हवालदारांना कळू दे किताब काय असतो ते! फोन त्यांनी स्वतःच केला. खरं तर त्यांना फोनची गरजच नाही, आवाज तसाच रुवीपर्यंत जातो.

"मालिक को बोलो, चाऊस आ रहा है! अरे, तुमारेच मुलूक का चाऊस!"

शुक्रवारी हॉटेलच्या दारात गालिचा. वेटर हातमोजे घालून रांगेत. फरशी इतकी घासलेली, की कुबराबींची चप्पल सटकली.

"बघितलंस गो? हा मान!"

मधल्या टेबलावर फुलं होती. त्या तिथे बसणार, तोच वेटर आडवा आला. "ये टेबल चाऊस का है. आप उधर." उधर म्हणजे हात धुवायच्या बेसिनपाशी. हवालदार मंडळी आधीच तिथे बसून टकामका बघत होती.

"चाऊस तो मैंच है!" कुबराबी कडाडल्या.

तुर्की मॅनेजर धावत आला. "मॅडम, आप पुलिस?"

"तोबा! पुलिस कायको?"

"हमारा तुर्की में चाऊस मतलब सार्जंट. हम समझा, चेकिंग आया."

मुजम्मिलचे वडील खाकरले. "सार्जंट म्हणजे... आपला हवालदारच की हो, बीबी."

मॅनेजरला वाटलं, गिऱ्हाईक दुखावलं. "नहीं नहीं, पुराना टाइम में बहुत बड़ा! सुलतान के आगे चलता, चिल्लाता, हटो! हटो!"

"म्हणजे घराण्याचं काम अजून चालू आहे," सना पुटपुटली. मुजम्मिलने पटकन रुमाल तोंडाला लावला.

कुबराबींनी ओढणी सावरली. "मग मी पहिल्यापासून काय सांगतेय? मुलगी बरोबरीच्याच घरात द्यायची!" आणि फुलांच्या टेबलावर ठाण मांडून त्यांनी हाक दिली, "अरे, चाय लाओ!"

बाहेर रस्त्यावर दोन गाड्या बाजूला झाल्या.