छबुबाईचं कपाट संचालक मंडळावर

दुष्काळात माणसं कुठंही राहू शकतात, हे सर्व संबंधित खात्यांनी वेळोवेळी मान्य केलेलं आहे. प्रश्न उरतो तो फर्निचरचा. सिरसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि मागं राहिलेल्या खाटा, खुर्च्या, कपाटं वाळवीच्या ताब्यात जातात. या गंभीर बाबीची दखल अखेर सुंदररावांनी घेतली. सुंदरराव मोठे जमीनदार. पाऊस नसल्यामुळे त्यांचं धान्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. रिकामं गोदाम आणि सहकाराची तळमळ एकाच माणसाकडे असली की संस्था निघायला वेळ लागत नाही.

'गृहसामान सुरक्षा व वाहतूक सहकारी संस्था' स्थापन झाली. नियम चोख होते. जो सामान ठेवील तो सभासद. सामानाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधायच्या, वरून गोणपाट गुंडाळायचं आणि ते विटांवर ठेवायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. आत गेलेली वस्तू सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय बाहेर काढायची नाही, म्हणजे एकाचा पलंग दुसऱ्याच्या घरी जात नाही. लोक खूश झाले. त्यांनी बैलगाड्या भरभरून सामान गोदामात पोचवलं आणि ते ट्रकमध्ये बसून कारखान्यांवर निघून गेले.

यथावकाश संचालक मंडळाच्या निवडणुकीची तारीख आली. संस्थेचा सचिव रामकिसन घाबराघुबरा होऊन सुंदररावांकडे आला.

"मालक, कोरम व्हईना. समदे सभासद उसाच्या फडात हायेत."

सुंदररावांनी गोदामात नजर टाकली. "मंग हे कोण बसलंय?"

"ह्या तर खुर्च्या हायेत, मालक."

"बे रामकिसन, कारखान्यावर नवरा-बायको मिळून किती कोयते धरत्यात?"

"येक."

"दोन जित्या माणसांचा येक कोयता व्हतो, तवा कुणी कायदा काढत न्हाई. मंग येका खुर्चीचा येक सभासद धरला, तर तुला कावून कापरं भरतंय?"

रामकिसननं सभेची नोटीस गोदामाच्या दारावर लावली. सभा भरली. खुर्च्या पुढे, खाटा मागे, असं आसनव्यवस्थेचं नियोजन झालं. रामकिसननं एकेक ठराव वाचला आणि प्रत्येकापुढे विचारलं, "विरोध असेल त्यांनी बोलावं." कुणीही बोललं नाही. सुंदरराव बिनविरोध अध्यक्ष झाले.

महिलांसाठी राखीव जागेवर छबुबाईच्या नावानं ठेवलेलं आरशाचं कपाट निवडून आलं. त्या जागेला इतका लायक उमेदवार सगळ्या तालुक्यात सापडला नसता. सांगितलं तिथं उभं राहायचं, चकचकीत दिसायचं आणि अध्यक्ष समोर आले की त्यांना त्यांचाच चेहरा दाखवायचा. संचालकाला गोदामात ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून कपाट सुंदररावांच्या दिवाणखान्यात हलवलं. रिकाम्या कपाटाला वाळवी लागते, म्हणून त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी संस्थेच्या हितासाठी त्यात स्वतःच्या साड्या लावल्या.

माघात छबुबाई मुकादमाची परवानगी काढून लेकीला घेऊन फडावरून गावी आली. तिच्या लेकीला बघायला अंबाजोगाईकडचे पाहुणे शुक्रवारी येणार होते. घरात बसायला पाटसुद्धा नव्हता. कपाट तिला तिच्या बापानं लग्नात दिलेलं, आणि लेकीलाही तेच द्यायचं तिनं ठरवलं होतं. पाहुण्यांनी ते बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

"मालक, माझं कपाट द्या."

"छबुबाई, ते आता निस्तं कपाट न्हाई. संचालक हाय. त्याला राजीनामा द्यावा लागंल."

"कपाट राजीनामा कसा देईल?"

"तीच तर अडचण हाय," सुंदरराव कळवळून म्हणाले. "सभा लावतो. सभा म्हणंल तसं."

गुरुवारी गोदामात सभा भरली. संचालक या नात्यानं कपाटही गोधड्यांत गुंडाळून, गाडीत आडवं घालून, सुखरूप सभास्थानी आणण्यात आलं. सुंदरराव समोरच्या आरामखुर्चीत बसले. खुर्ची रामहरीची होती. तो तेव्हा कर्नाटकात ऊस तोडत होता.

"कपाट परत देण्यात येऊ नये, असा ठराव आहे," रामकिसननं वाचलं. "विरोध असेल त्यांनी बोलावं."

"माझा हाय की!" छबुबाई म्हणाली.

"तुमच्या वतीनं कपाट हजर हाय," सुंदरराव म्हणाले. "येका सभासदाला दोनदा कसं बोलता यील? अन् कपाट तर गप हाय. ठराव मंजूर."

छबुबाईचे डोळे भरून आले. रागानंच भरून आले. तिनं पदरानं कपाटाचा आरसा पुसला आणि त्यात तिला मागच्या रांगांतलं सगळं गाव गप्प बसलेलं दिसलं. ती वळली.

"मालक, माझ्या कपाटाला ठराव मांडता यील का?"

सुंदररावांना हसू आवरेना. "मांडू द्या की. संचालक हाय ते."

"मंग लिही रं रामकिसन. समदं सामान आजच्या आज ज्याच्या त्याच्या घरी पोचवावं. इरोध आसंल त्यानं बोलावं."

खुर्च्यांनी हरकत घेतली नाही. खाटांनीही नाही.

"माझा विरोध हाय!" सुंदरराव ओरडले.

"तुमी कोण? जो सामान ठेवील तो सभासद. तुमचं काय हाय हितं?"

"गोदाम माझं हाय!"

"गोदाम काय गाडीत घालून आणलं व्हतं का ठिवायला? अन् बसलाव ती खुर्चीबी रामहरीभाऊची हाय. उठा."

रामकिसननं नियम दोनदा वाचून पाहिले. ते चोखच होते. संध्याकाळपर्यंत बैलगाड्यांच्या खेपा झाल्या आणि घरोघरी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आपापलं सामान उतरवून घेतलं. वच्छलाबाईंच्या साड्या छबुबाईनं नीट घडी घालून परत पाठवल्या. शुक्रवारी पाहुणे आले, खाटेवर बसले, त्यांनी कपाट बघितलं आणि सोयरीक जमली.

संस्था मात्र बंद झाली नाही. सहकारी संस्था अशी बंद होत नसते. सुंदररावांपुढे एवढाच प्रश्न होता, की गोदाम रिकामं, तर पुढच्या सभेला बसवायचं कुणाला? विचार करता करता त्यांना सुचलं, की खुर्चीत निवांत बसून सगळं ऐकणारी, मनातल्या मनात हसणारी आणि तोंडातून अवाक्षर न काढणारी मंडळी आणखीही आहेत. म्हणून त्यांनी ही हकीकत माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतली. 'जो शेवटपर्यंत वाचील तो सभासद,' असा नवा नियम आहे.

तेव्हा आपण आलात, बरं झालं. गणपूर्ती झाली. ठराव असा, की सुंदररावांनाच पुन्हा अध्यक्ष करावं. विरोध असेल त्यांनी बोलावं.

कुणी नाही?

रामकिसन, लिहून घे. बिनविरोध.