चार तास उरलेल्या नुमाताबाई

डिसेंबरच्या अठरा तारखेला सकाळी तेराओने वर्षअखेरचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि दुपारपर्यंत त्यातली सगळी नावं खोडली गेली. खोडणाऱ्यांनी पेन्सिल वापरली होती, एवढाच काय तो दिलासा.

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका सुपरमार्केटात तयार पदार्थांच्या विभागाचा तेराओ प्रमुख होता आणि तळणीचा सगळा भार पाच बायकांवर होता. एकतीस तारखेसाठी तेम्पुराच्या, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीच्या, नऊशे ऑर्डरी आल्या होत्या.

"माझे या वर्षाचे चार तास उरलेत," त्या पाचांतल्या नुमाताबाई म्हणाल्या.

"अहो, वर्षाचे तेरा दिवस उरलेत."

"दिवस असतील. माझी कमाई दहा लाख तीस हजार येनच्या वर गेली, की आमच्या ह्यांची करातली सूट जाते. ह्यांच्या कंपनीचा कुटुंबभत्ता जातो तो वेगळाच."

"दरवर्षी पुरतात की तास."

"यंदा तुम्ही ऑक्टोबरात ताशी पगार वाढवलात ना, मर्यादा लवकर भरली."

"आम्ही काही मागितला नव्हता हो," कावाबेबाई ट्रे पुसता पुसता म्हणाल्या.

तेराओने मुख्य कचेरीला फोन केला. त्यांनी तत्परतेने ताशी शंभर येन जादा जाहीर केले. "साहेब, कृपा करून देऊ नका," तो काकुळतीला येऊन म्हणाला. पण भिंतीवर तशी सूचना लागलीच. होसोयाबाईंनी ती वाचली, मोबाइलवर आकडेमोड केली आणि तिथल्या तिथे एप्रन सोडला. "माझं वर्ष संपलं, साहेब," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

मग तेराओ स्वतः कढईसमोर उभा राहिला. त्याचे कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे कटलेट, तेलात पडताच फुटत. एक आजीबाई डबा परत घेऊन आल्या आणि आतलं सारण कुठे गेलं, असं शांतपणे विचारू लागल्या. त्याने बायकोला मदतीला बोलावलं, तर ती लाँड्रीत काम करणारी. "माझी मर्यादा नोव्हेंबरातच भरली," ती म्हणाली. "तुमच्या करासाठीच जपतेय ना?"

शेवटी तेवीस तारखेला संत्र्यांची पेटी घेऊन तो नुमाताबाईंच्या घरी गेला. त्यांचे यजमान तादायुकी कोतात्सूच्या, खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाच्या, पांघरुणात पाय घालून बसले होते. बायकोच्या तासांचा हिशेब तेच ठेवत.

"चार तासांच्या वर एक मिनिट नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं मी ही मर्यादा सांभाळलीय."

"फक्त एकतीस तारीख, नुमातासाहेब."

"नियम म्हणजे नियम. दाखवतोच तुम्हाला."

त्यांनी फाइल आणली, चष्मा लावला आणि कंपनीचं परिपत्रक मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदात आवाज जरा खाली आला. तिसऱ्यात थांबला. पत्नीसाठीचा भत्ता गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून बंद झाला होता. आता तो लहान मुलांसाठीच मिळणार होता, आणि नुमातांची दोन्ही मुलं लग्न होऊन ओसाकाला होती. मागच्या कागदावर कराचं होतं. बायकोची कमाई पंधरा लाखांपर्यंत गेली तरी नवऱ्याची सूट पूर्ण राहते, असा नियम होऊन काही वर्षं झाली होती.

नुमाताबाईंनी एक संत्रं सोललं.

"हे कागद तुम्ही वाचले नव्हते?"

"पानं बरीच होती," तादायुकी म्हणाले.

"इतकी वर्षं मी तास वाचवायला घरी बसून भिंती पुसल्या."

"स्वच्छ झाल्या ना."

त्या उठल्या. "तेराओसाहेब, उद्या सकाळी सहाला येते, रात्रीपर्यंत थांबते. कावाबेबाईंनाही सांगते, नवऱ्याचे कागद स्वतः वाचा म्हणून."

"मग माझं रात्रीचं जेवण?" तादायुकींनी विचारलं.

"आमच्या दुकानात मिळतं. सातनंतर निम्म्या किमतीत."

एकतीस तारखेला संध्याकाळी साडेसहाला तादायुकी आले. त्यांनी तेम्पुराचा डबा उचलला, किंमत पाहिली, परत ठेवला आणि घड्याळाकडे बघत खांबापाशी उभे राहिले. सात वाजले. सव्वासात झाले. फडताळावर एकच डबा उरला, तेव्हा ते काउंटरपाशी आले.

"निम्म्या किमतीची चिठ्ठी अजून लावली नाहीस?"

नुमाताबाईंनी हात पुसले. "आज लावत नाही. सूचना दारावरच आहे," त्या म्हणाल्या. "वाचली नाहीत?"