अग्बेकोंचं वाकडं तोंड

"पक्षाघाताचा माणूस मी दहा पावलांवरून ओळखीन," असं मावुएनाबाईंनी घानातल्या केटा गावच्या मासळीबाजारात जाहीर करून टाकलं होतं. चर्चमधलं नर्सबाईंचं आरोग्य शिबिर झाल्यापासून या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणजे फिरता दवाखाना झाल्या होत्या. कुणी नुसती जांभई दिली तरी त्याला हसायला लावत आणि ओठांची दोन्ही टोकं सारखी वर जातात का ते बघत.

गुरुवारी दुपारी त्यांचे यजमान अग्बेको घरी आले ते अर्धं तोंड लोंबवतच. बाईंच्या हातातली पळी खाली पडली.

"अहो, हसा बघू."

अग्बेको हसले. एका बाजूनं.

"दोन्ही हात वर करा."

एक हात गालाला धरलेला, त्यामुळे एकच वर गेला.

"आता म्हणा, आज भेंडीचं सूप आहे."

"आव वेंवीवं हूव आए," अग्बेको म्हणाले.

बाईंनी घड्याळात वेळ बघून ठेवली, शेजारच्या सेलासीची टॅक्सी बोलावली आणि नवऱ्याला आत कोंबलं. अग्बेको तोंडाकडे बोट दाखवत "दाऽ, दाऽ" करत होते.

"गप्प बसा, मेंदूला ताण पडतो."

वाटेत बाईंना दरदरून घाम फुटला, मळमळायला लागलं.

"बाई, तुमचाच चेहरा उतरलाय," सेलासी म्हणाला.

"नवरा असा बसलाय, मग काय नाचू?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अग्बेकोंचं तोंड उघडलं. आत दाढेच्या जागी कापसाचा बोळा आणि भुलीच्या इंजेक्शननं बधिर झालेला गाल. बायकोच्या शेंगदाण्याच्या चिक्कीनं दाढ मोडली हे तिला कोण सांगणार? म्हणून बिचारे गुपचूप दाढ काढून आले होते.

बाई खजील होऊन जबडा चोळत खुर्चीत टेकल्या.

"तुमचीही दाढ दुखतेय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. सकाळपासून जबडा भरून आलाय, पाठही. अपचन असेल."

पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. पाच मिनिटांत बाई खाटेवर होत्या आणि छातीला वायरी लागल्या होत्या. हृदयविकाराचा झटका होता. अग्बेको त्यांचा हात धरून अर्ध्या तोंडानं रडत होते.

वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शिबिरात हृदयाची लक्षणं सांगितली नव्हती?"

मावुएनाबाईंनी चादरीची घडी नीट केली.

"सांगितली असतील," त्या हळूच म्हणाल्या. "तो भाग जेवणानंतर होता. मी जेवून घरी आले."