नऊवर एक

खिडकीतल्या कारकुनाने "कुठला विषय?" असं विचारलं आणि शिवणवालीच्या तोंडून निघून गेलं, "इतिहास."

लेक घरी कांजिण्यांनी पडली होती आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस, म्हणून आई रांगेत उभी. लेकीची सरासरी चार पूर्णांक आठ. पाचाच्या खाली राहिली तर कॉलेजातून नाव कमी. एक विषय पुन्हा द्यायची एकच संधी होती, आणि लेकीने निघताना तीनदा बजावलं होतं, संख्याशास्त्र सांग, संख्याशास्त्र. त्यात तीनच गुण होते. पण मागे वीस माणसं कान टवकारून उभी, आणि शिवणवालीने उभ्या जन्मात गिऱ्हाईकासमोर कपड्याची उलटी बाजू धरली नव्हती. तिने सुलटी बाजू दाखवली. इतिहासात नऊ होते.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "दहापैकी नऊ आहेत. तरी पुन्हा द्यायचा?"

"आमच्यात असंच असतं," ती म्हणाली. शिक्का बसला.

जिना उतरताना तिला लेकीचं संख्याशास्त्र आठवलं. परत वर गेली. कारकुनाने सांगितलं, शिक्का बसला की बसला. वर हेही सांगितलं, की नवे गुण जुन्यांच्या जागी बसतात. नऊचे सात झाले तर सातच धरायचे.

घरी लेकीने सगळं ऐकून घेतलं. अंगभर पुळ्या, त्यात हा प्रकार. रडावं की खाजवावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने कागद ओढला. पाच विषय, बेरीज चोवीस. पंचवीस हवेत.

"म्हणजे एकच कमी पडतोय," आई म्हणाली.

"तो इतिहासातून आणायचा, आई. दहापैकी दहा. आणि इतिहासाच्या बाई दहा देत नाहीत. बावीस वर्षांत कुणाला दिलेले नाहीत."

"मग आता देतील."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून शिवणवाली इतिहासाच्या बाईंसमोर जाऊन बसली. बाई सभ्य होत्या. त्यांनी समजावलं, की मुलगी हुशार आहे, पण दहा म्हणजे परिपूर्ण, आणि काहीतरी कमी राहतंच.

"काय कमी राहतं?"

"असं एका शब्दात नाही सांगता यायचं."

"हे बरंय," शिवणवाली म्हणाली. "आमच्याकडे गिऱ्हाईक नुसतं 'नीट बसत नाही' म्हणालं तर आम्ही सोडत नाही. काखेत आवळतंय की खांद्यावर उतरतंय, बोट ठेवा म्हणतो. आणि तेसुद्धा कच्च्या टाक्यावर. पक्की शिवण मारल्यावर नाक मुरडण्यात काय अर्थ? तुम्ही आधी खुणा करा, ती उसवून परत लिहील. खुणा संपल्या की दहा."

बाईंना असं कुणी बोललं नव्हतं. त्या रागावल्या, आणि रागाच्या भरात हो म्हणाल्या.

दर मंगळवारी लेक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून नेऊ लागली. पहिल्या खेपेला सतरा लाल खुणा आल्या. तह आणि लढाई यांची सरमिसळ, एक राजा मेल्यावर चार वर्षं राज्य करत होता. लेक म्हणाली, तुझ्या इज्जतीपायी मी अख्खी शतकं उसवतेय. आई म्हणाली, उसव, दोरा माझा. दुसऱ्या खेपेला अकरा, मग चार. पाचव्या मंगळवारी एकच खूण राहिली. समासात लिहिलं होतं, 'उत्तरातून थोडा उद्धटपणा जाणवतो.'

शिवणवाली तो कागद घेऊन स्वतः गेली. "हा दोष नाही, बाई. हे आमचं कापड आहे."

बाईंनी ती खूण खोडली.

परीक्षेचा पेपर म्हणे त्यांनी तीनदा तपासला. चौथ्यांदा शिपायाकडून वाचून घेतला. मग बावीस वर्षांत न लिहिलेला आकडा लिहिला. सरासरी बरोबर पाच. कारकून म्हणाला, अगदी काठावर वाचलीत हो. शिवणवाली म्हणाली, मधोमध वाचलेल्यांना तुम्ही काय वेगळा कागद देता?

गोष्ट इथे संपायची, पण कॉलेजात बातमी पसरली. पुढच्या मंगळवारी इतिहासाच्या बाईंच्या दारासमोर एकोणचाळीस मुलं, प्रत्येकाच्या हातात लिहिलेले कागद, आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, बोट ठेवून दाखवा. त्याच्या पुढच्या मंगळवारी संख्याशास्त्राच्या सरांनाही टेबल उचलून तिथेच यावं लागलं. बाईंनी दुकानात निरोप धाडला. हे तुम्ही सुरू केलंत, आता तुम्हीच आवरा.

तेव्हापासून मंगळवारी दुपारी दुकान बंद असतं. शिवणवाली कॉलेजच्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसते. एका वेळी एकालाच आत सोडते, अक्षर लागत नसेल तर दारातूनच परत पाठवते. प्राचार्य एकदा न विचारता आत जायला निघाले, तर त्यांनाही कागद मागितला.

परवा लेक आली. हातात संख्याशास्त्राचा पेपर. रांगेकडे न बघता ती सरळ स्टुलापाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, सोड ना आत. किती आहेत तुला माहितेय."

"माहितेय. तीन," शिवणवाली सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुझ्या पुढे दोनवाले उभे आहेत. मागे जा."